मी कुठली गेमर!

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला होता : ‘आमच्या गल्लीतील व्हिडिओ गेम खेळणारे’. प्रश्नावलीतील पहिला प्रश्न होता, ‘आपण गेमर आहात काय?’ ‘होय’ म्हणणाऱ्यास पुढचे आठ प्रश्न विचारावयाचे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे आभार मानून शेजारचे दार गाठावयाचे. आठवडाभर हिंडून जी यादी तयार झाली, तीत पंधरा ते चोवीस वर्षांचे मुलगेच तेवढे होते. आमच्या घरातून मी दादाचे नाव लिहिले. नियम म्हणून आईलाही विचारले. ती डब्यांच्या पोळ्या लाटत होती. हसून म्हणाली, “अगं, मी कुठली गेमर! मी आपली गोळ्या जुळवते.” मी ‘नाही’ ह्या शब्दापुढे खूण केली. ती खूण चुकीची होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. ती चूक कशी घडते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम काही आकडे पाहू. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर ह्या संस्थेने २०१५ साली तेथील प्रौढांना दोन वेगवेगळे प्रश्न विचारले. ‘तुम्ही व्हिडिओ गेम खेळता काय?’ ह्यास ४९ टक्के लोकांनी होकार दिला. ‘तुम्ही स्वतःला गेमर म्हणवता काय?’ ह्यास होकार देणारे निघाले अवघे १० टक्के. खेळणाऱ्यांत पुरुष आणि स्त्रिया जवळजवळ सारख्याच होत्या. पुरुषांपैकी ५० टक्के आणि स्त्रियांपैकी ४८. मात्र स्वतःला गेमर म्हणवणारे पुरुषांत १५ टक्के आणि स्त्रियांत ६ टक्के. आणखी गंमत म्हणजे, गेम खेळणारे बहुतेक पुरुषच असतात असे ६० टक्के लोकांचे मत पडले! माझ्या प्रश्नावलीने नेमके काय केले हे ह्या आकड्यांवरून ध्यानी यावे. मी खेळ मोजावयास निघाले होते आणि नाव मोजून परत आले.

हे नाव मुलग्यांनाच का चिकटले? सुरुवातीस तसा प्रकार नव्हता. जपानमध्ये १९८० साली ‘पॅकमॅन’ हा खेळ निघाला. तो रचणारे तोरू इवातानी ह्यांच्यापुढे तर उलटच हेतू होता. त्या काळच्या खेळगृहांत अवकाशातील शत्रूंवर गोळ्या झाडणारे खेळ आणि ते खेळणारे पुरुष ह्यांचीच गर्दी असे. तेथे स्त्रियांनीही यावे, जोडप्यांनी यावे, म्हणून त्यांनी मारण्याऐवजी खाण्याची कल्पना उचलली. पुढे १९८३ साली अमेरिकेत ह्या धंद्याचे दिवाळे वाजले आणि दुकानदार व्हिडिओ गेमचे नाव काढू देईनात. तेव्हा निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली आपले यंत्र खेळणे म्हणून बाजारात आणले. सोबत एक छोटा रोबोही दिला. खेळण्यांच्या दुकानात मुलग्यांचे कपाट निराळे आणि मुलींचे निराळे. यंत्र गेले मुलग्यांच्या कपाटात. १९८९ साली त्याच कंपनीने हातात मावणारे यंत्र काढले, त्याचे नावच ‘गेम बॉय’. दुकानातल्या एका फळीवरून माणसाची ओळख ठरावी, हे मला तरी चमत्कारिक वाटते.

पण खेळणारे कपाट पाहून थांबत नाहीत. अमेरिकेतील डॉरिस सेल्फ ह्या बाईंनी १९८४ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, ‘क्यूबर्ट’ ह्या खेळात ११ लाखांहून अधिक गुण मिळवून विक्रम केला. ठोकळ्यांच्या उतरंडीवर उड्या मारीत प्रत्येक ठोकळ्याचा रंग बदलावयाचा, असा तो खेळ. विक्रम पुढे मोडला. बाईंनी मात्र खेळ सोडला नाही आणि ऐंशीच्या घरात असताना तो परत मिळवण्यासाठी त्या पुन्हा यंत्रापुढे उभ्या राहिल्या. २००६ साली त्यांचे निधन झाले. जपानमधील हामाको मोरी ह्या आजींनी १९८१ च्या सुमारास खेळावयास सुरुवात केली आणि २०२० साली, नव्वदीत, सर्वांत वयोवृद्ध गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनेस बुकाने त्यांची नोंद घेतली. त्यांना ‘गेमर आजी’ म्हणतात. हे कौतुकच खरे. पण मला ते थोडे अपुरे वाटते. चाळीस वर्षे खेळलेल्या बाईच्या खेळाविषयी कोणी विचारीत नाही, सगळे नवल वयाचे! यंत्राच्या फळ्यावर जे गुण उमटतात त्यांना वय नसते. त्या मानाने १९८४ चा फळा अधिक न्यायी म्हणावा लागेल.

आता माझ्या आईकडे वळते. दिवाळीच्या सुटीत मी तापाने पडून होते, म्हणून तिचा खेळ जवळून पाहण्याचा योग आला. ती ‘कँडी क्रश सागा’ खेळते. २०१२ साली निघालेला हा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे आणि सर्वांच्या थट्टेचाही. तीन सारख्या गोळ्या एका ओळीत आणावयाच्या, एवढेच त्याचे दर्शनी रूप. परंतु आई एकदम बोट चालवीत नाही. आधी सबंध पट पाहते आणि शक्य तेथे तळाची जुळणी करते; कारण तळाच्या गोळ्या फुटल्या की वरच्या घसरतात आणि पुष्कळदा आपोआप जुळतात. चार जुळवून मिळणारी रेघांची गोळी ती लगेच वापरीत नाही. तिच्याशेजारी कागदात गुंडाळलेली गोळी आणून दोन्हींची अदलाबदल करते, आणि मग तीन आडव्या व तीन उभ्या ओळी एका फटक्यात साफ होतात. पटावर चॉकलेट असेल तर मात्र सगळे सोडून आधी ते फोडते. “ह्याला एक खेळी मोकळी दिली की ते पसरतं,” असे तिने मला पिकावरच्या रोगाविषयी बोलावे तसे सांगितले. एका डावावर ती अकरा दिवस अडली होती. “दे, मी काढून देतो,” असे दादा म्हणाला, तर तिने फोन पदराखाली घेतला.

खेळात पाच जीव मिळतात आणि गेलेला एक जीव परत यावयास तीस मिनिटे लागतात. दादाला ह्याचा संताप येतो. आईला तेच सोयीचे. दोन जीव कणीक मळण्याआधी, बाकीचे डबे गेल्यावर.

दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट त्या सुटीत मला आठवली. आईचा जुना फोन मामेभावास द्यावयाचा म्हणून दादाने तो कोरा करून टाकला. खेळ कुठल्याही खात्याशी जोडलेला नव्हता. अठराशेहून अधिक डाव गेले. दादा म्हणाला, “गेमच तर आहे.” त्याच्या लढाईच्या खेळातले खाते एकदा बंद पडले होते तेव्हा तो रात्री जेवला नव्हता आणि घरात कोणी मोठ्याने बोलतही नव्हते. आई त्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, डबे गेल्यावर, तिने दादाच्या उतरलेल्या फोनवर पहिल्या डावापासून सुरुवात केली. तेव्हा मी शेजारीच बसून अभ्यास करीत होते. मला त्यात लक्षात घेण्यासारखे काही दिसले नव्हते.

यंदा मी पहिला प्रश्न बदलून पुन्हा गल्लीत फिरले. ‘गेमर’ हा शब्दच काढला. ‘फोनवर शेवटचे काय खेळलात? मला दाखवता का?’ एवढेच विचारले. एस.टी.तून निवृत्त झालेल्या वाहक काकांनी रात्री दोन वाजता कोणा परदेशी माणसाशी खेळलेला बुद्धिबळाचा डाव पहिल्या खेळीपासून उलगडून दाखवला. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी सुडोकूचा कठीण वर्ग उघडला आणि वेळ किती लागला तेही सांगितले. दोघांनीही आधी “छे, आम्ही कुठले!” असे म्हणून घेतलेच होते.

आमच्या घराच्या रकान्यात मी दादाखाली आईचे नाव लिहिले आणि पुढे ‘डाव २,३११’ असे मांडले. तिने चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाली, “चौदा कर. सकाळी तीन झाले.”