प्रसूतिपश्चात रक्तस्राव व शस्त्रक्रिया

"डॉक्टर, पिशवी काढायलाच हवी का?" शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी सासूबाई किंवा पती हा प्रश्न विचारतात, तेव्हा सविस्तर उत्तर देण्यास आम्हांस वेळ नसतो. म्हणून ते येथे देत आहोत.

दिवस भरलेल्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयात दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलीटर रक्त जाते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळते, त्याच्या स्नायूंत रक्तवाहिन्या दाबल्या जातात व रक्त थांबते. ते सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, तीन तासांच्या आत ट्रानेक्झामिक ॲसिड, आत पाण्याने भरलेला फुगा या उपायांनी बहुतेक माता सावरतात. उरलेल्यांसाठी पोट उघडावे लागते.

इंग्लंडमधील शल्यविशारद क्रिस्टोफर बी-लिंच यांनी १९९७ साली एक टाका प्रसिद्ध केला. दप्तराच्या पट्ट्यांप्रमाणे तो गर्भाशयास पुढून-मागून आवळून धरतो. आधी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून पाहतात. तेवढ्याने रक्त थांबले, तर टाका उपयोगी पडण्याची आशा असते. याखेरीज गर्भाशयाच्या रोहिण्या बांधता येतात. ओटीपोटातील आंतर श्रोणि रोहिणी बांधणे मात्र अनुभवी हाताचेच काम, कारण मूत्रवाहिनी व पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तेथे अगदी लगत असतात.

हे सारे करूनही रक्त थांबले नाही, अथवा वार गर्भाशयात खोल रुजलेली असली, तर बहुधा गर्भाशय काढावे लागते. पहिलटकरणीच्या बाबतीत हा निर्णय घेताना हात जड होतो. परंतु उशीर त्याहून घातक.

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील सातपुड्याच्या वा सह्याद्रीच्या पायथ्याकडून येणाऱ्या अनेक भगिनींच्या अंगात मुळातच रक्त कमी असते. सुदृढ स्त्री सोसते तेवढा रक्तस्राव त्यांना सोसवत नाही. शिवाय नुसत्या नजरेने अंदाज केला, तर तो बहुधा कमीच निघतो. बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण मातांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मापखुणांची प्लॅस्टिकची पिशवी अंगाखाली ठेवून रक्त मोजले गेले. साधन अगदी स्वस्त आहे. रक्तपेढीतील पिशव्यांचे तसे नाही. त्या दात्यांच्या दंडातूनच याव्या लागतात, आणि अशा एका मातेस कधी कधी दहाही पुरत नाहीत.

गर्भाशय वाचल्यास पाळी सहसा पूर्ववत येते व पुन्हा दिवसही राहू शकतात. त्या वेळी आधीच्या शस्त्रक्रियेचा कागद पहिल्याच तपासणीस दाखवावा आणि शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण करावे.