नणंद बीदरला, दीर हैदराबादला. सहल काढायची कधी?

प्रश्न : आम्ही उदगीरचे. नणंद बीदरला दिलेली, धाकटे दीर नोकरीनिमित्त हैदराबादला, माझं माहेर नांदेड. आमचा थोरला लातूरला राहून बारावी आणि ‘नीट’ची तयारी करतो, धाकटी सहावीत आहे. सगळ्यांनी मिळून एकदा कोकणात समुद्र बघायला जायचं कधीपासून ठरतंय. पण आमची सुट्टी लागते तोवर नणंदेच्या मुलांची संपत आलेली असते, आणि दिवाळीत आम्ही मोकळे तर दिरांच्या मुलांची शाळा चालू. हे असं का? आणि आता २०२६ च्या उन्हाळ्यात निघायचं तर कधी?
— एक गृहिणी, उदगीर

उत्तर : ताई, तुमच्या सहलीत मोडता घातलाय तो १ नोव्हेंबर १९५६ या तारखेने. त्या दिवसापर्यंत उदगीर, नांदेड, बीदर आणि हैदराबाद ही चारही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती. भाषावार प्रांतरचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला, बीदर म्हैसूरकडे गेलं, तेलंगण आंध्रात. सोयरीक मात्र होती तशीच राहिली. उदगीरची मुलगी आजही बीदरला, भालकीला दिली जाते आणि देगलूर-धर्माबादची पोरं नोकरीला हैदराबाद गाठतात. पण शाळा कधी भरवायची आणि कधी सोडायची हे ज्या त्या राज्याचं सरकार ठरवतं. एकाच आजोबांची नातवंडं तीन सरकारांच्या घंटेवर शाळेत जातात ती अशी.

२०२५ चंच बघा. कर्नाटकात उन्हाळी सुट्टी ११ एप्रिलला लागली आणि २८ मेला संपली. तेलंगणात २४ एप्रिल ते ११ जून. आपल्याकडे पहिली ते नववीची परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत चालली, १ मेला निकाल, २ मेपासून सुट्टी आणि १६ जूनला शाळा. विदर्भाला उन्हामुळे आणखी आठवडाभर सवलत मिळाली, त्यांची शाळा २३ जूनला उघडली. मराठवाड्याला ती नाही. मे महिन्यात लातूर-नांदेडचं ऊन नागपूरपेक्षा फार सौम्य असतं असं मुंबईत कुणाला वाटत असेल, तर त्यांनी एकदा दुपारी दोनला उदगीरच्या स्टँडवर उभं राहून बघावं.

तर या तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की तिन्ही घरची पोरं मोकळी सापडतात ती २ ते २८ मे, एवढेच दिवस. तारखा दरवर्षी दोन-चार दिवस हलतात, पण ढाचा हाच राहतो.

दिवाळीचं गणित जमवायच्या भानगडीत पडू नका. तेलंगणात मोठी सुट्टी असते ती बतुकम्मा-दसऱ्याला. २०२५ मध्ये २१ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर शाळा बंद होत्या. कर्नाटकातही मोठी सुट्टी दसऱ्याचीच. आपल्याकडे दसरा म्हणजे सोनं वाटायचा एक दिवस, मोठी सुट्टी दिवाळीला. दोन्ही सणांना भरघोस सुट्टी का नाही, तर आपल्या शाळांना वर्षातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांची मर्यादा आहे. उन्हाळी किंवा दिवाळीची सुट्टी कापून ती गणेशोत्सव-नाताळासारख्या सणाला देता येते, पण त्यालाही शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून माझं म्हणणं, दसऱ्याला त्यांना आपल्याकडे बोलवावं. तुळजापूर, माहूर हे दोन्ही आपल्याच भागात, नवरात्रात त्यांना यायचंच असतं. दिवाळीत तुम्ही त्यांच्याकडे जा. मुलांची शाळा असेना का, संध्याकाळी घरी येतातच की.

(हा हिशेब राज्य मंडळाच्या शाळांचा. कुणाचं मूल केंद्रीय विद्यालयात असेल तर तिथे दसऱ्याला दहा दिवस आणि डिसेंबरअखेर दहा दिवस अशी वेगळीच तऱ्हा असते. त्यांची यादी स्वतंत्र मागवावी.)

आता २०२६ चा उन्हाळा. यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे आपली अर्ध्याहून जास्त सुट्टी धोंड्याच्या महिन्यात. लग्नाच्या तिथी त्याआधीच उरकणार, त्यामुळे मेचा पहिला पंधरवडा वऱ्हाडांचा. एसटी भरलेल्या, रेल्वे भरलेल्या, आणि घरातलं एखादं लग्न निघालं की सहल आपोआप बारगळते. १७ मेनंतर मंगल कार्यालयं ओस पडतात. तेव्हा निघावं. जावईबापूंना धोंडे खायला नांदेडला जायचं असेलच, ते कोकणातून आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात करा. अधिक महिना पळून जात नाही.

पण मागे समुद्र आहे, त्यालाही वेळ आहे. किनाऱ्यावरच्या प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मेपासून ऑगस्टअखेर बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ला आतून बघायचा तर त्याआधीच. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊसच २५ मेला कोकणात उतरला होता. म्हणजे तुमच्या वाट्याला खऱ्या अर्थाने उरतात ते १८ ते २५ मे.

थोरल्याची काळजी तुम्ही लिहिली नाही, पण ती असणारच. २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी ‘नीट’ मेच्या पहिल्या रविवारी झाली. त्यामुळे १८ तारखेला तो मोकळा असायला हरकत नाही. फक्त सीईटी द्यायची असेल तर तिची तारीख आधी बघा. लातूरचे क्लासवाले निकालाआधीच ‘रिपीटर बॅच’चे फोन सुरू करतात. त्या आठवड्यात तो फोन उचलू नका, एवढंच सांगेन. दोन वर्षं खोलीत कोंडून घेतलेल्या पोराला आठ दिवस समुद्र दाखवला तर त्याची रँक काही बुडत नाही.

गाडी कोणती, तर तुमच्या सोयीची ही : बीदर-मुंबई. नणंद बीदरला बसेल, तुम्ही उदगीरला, थोरला लातूरला, आणि पुण्याला उतरून पुढे कोकणचा रस्ता. ही मूळची लातूर-मुंबई. २०१७ मध्ये ती बीदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकरांनी केवढं आंदोलन केलं होतं, आठवत असेल. शेवटी काही वार लातूरहून, काही वार बीदरहून अशी वाटणी झाली. लातूरकरांचा राग खोटा नव्हता, पण तुमच्यासारख्यांचा त्या वाटणीत फायदा झाला. बीदरहून सुटणारा वार बघून तारीख एखाद्या दिवसाने मागे-पुढे करा. दीर हैदराबादहून थेट पुण्याला आले तरी चालेल.

आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० वर आली आहे, प्रवासाचा दिवस सोडून. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या मुलाला बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. ऐन वेळी कुणाच्या साहेबांनी रजा नाकारली, तर कन्फर्म तिकीट नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी यांच्या नावावर करता येतं. अर्ज मात्र गाडी सुटायच्या चोवीस तास आधी.

आणि बसने बीदरला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. आपल्या एसटीतली बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. नणंदेचा कर्नाटकातला मोफत प्रवास आणि जाऊबाईंचा तेलंगणातला, दोन्हीही त्या त्या राज्यातच चालतात. हद्द ओलांडली की तिघींना पैसे मोजावेच लागतात.

१८ मेच्या गाडीचं आरक्षण १९ मार्चला सकाळी आठला सुरू होईल. त्या दिवशी गुढीपाडवा आहे. गुढी आधी उभारा, पण आठ वाजता मोबाइल हातात असू द्या. आणि त्याआधी बीदर-हैदराबादच्या शाळांच्या सुट्ट्यांची यादी मागवून घ्या.