९७ पडले म्हणजे सीओईपी पक्कं का?

पालकहो, "पोराले सीईटीत ९७ पडले, पुण्याचं सीओईपी पक्कं ना सर?" असं अमरावतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच. हे ९७ गुण नव्हेत, पर्सेंटाइल आहे. समजा ३ लाख मुलं बसली, तर जवळपास ९ हजार त्याच्या पुढे आहेत! सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र राज्य विद्यापीठ. तिथल्या संगणक शाखेची खुल्या प्रवर्गातून एवढ्यावर आशा धरू नका. मागची कटऑफ शाखा आणि प्रवर्ग पाहूनच वाचा. पर्यायांत सीओईपी वर टाका, हरकत नाही. पण खाली आपलं अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकीही हवंच. मात्र नको असलेली शाखा पहिल्या क्रमांकावर टाकू नका: पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला, की पुढच्या फेऱ्या बंद. अकरावीवाल्यांनो, २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत.