कोरड्या उन्हाचे पाहुणे, दमट घाट

नागपूरचे दोन मित्र एप्रिलमध्ये आले ते शेकरू पाहायचंच असं ठरवून. राज्यप्राणी असून त्यांनी तो फक्त चित्रात पाहिलेला. म्हणून भीमाशंकर ठरलं, तेही कर्जतकडून, खांडसच्या गणेश घाटाने चढून. शिडी घाट जवळचा, पण त्यातले कातळटप्पे आणि शिड्या नवख्यांसाठी नाहीत. गणेश घाट लांबचा, पण पायाखाली नीट वाट असते.

त्यांची गाडी उशिरा आली आणि खांडस सोडायलाच साडेनऊ वाजले. उन्हाचा विषय निघाला तेव्हा एकजण हसला. "आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असते, हे काय ऊन आहे का बे!"

माझं सांगणं आहे ते नेमकं इथे. नागपूरचं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच वाळतो, त्याबरोबर अंगातली उष्णताही जाते. कोकणाच्या बाजूने चढताना हवा ओली असते. घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे पारा छत्तीसवर असला तरी शरीर आतून तापत राहतं. उन्हाची सवय असलेला माणूस इथे जास्त धोक्यात येतो, कारण तो स्वतःच्या सवयीवर विसंबून पाणी कमी पितो आणि भरभर चालतो.

पदरवाडीच्या अलीकडे आमच्या मित्राच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग मळमळ, आणि डोकं गरगरायला लागलं. करवंदीच्या जाळीपलीकडे झाडाची सावली होती, तिथे त्याला आडवं केलं. पाय उंचावर ठेवले, शर्ट सैल केला, मानेवर आणि काखेत ओला पंचा धरला आणि मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तो नीट बोलत होता, एवढाच आम्हाला धीर होता. माणूस असंबद्ध बोलू लागला, भानावर राहीनासा झाला, तर तो उष्माघात समजा. मग तोंडाने काही पाजू नका, अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा आणि १०८ ला फोन करा. या वाटेवर मध्येच गाडी येत नाही आणि मोबाइलची रेंजही भरवशाची नाही, म्हणून एकाला वाडीवर मदतीसाठी पिटाळावं.

तासाभराने तो उठला. उरलेला चढ आम्ही अगदी सावकाश संपवला. वर पोचलो तेव्हा दुपार होती, देवळाकडे गर्दी होती आणि शेकरू कुठेच नव्हतं. दिसणार कसं? ते सकाळी आणि ऊन कलल्यावर हिंडतं, भर दुपारी फांदीवर पडून राहतं. चढाई आणि प्राणी पाहणं एकाच दिवसात कोंबलं की दोन्ही हातचं जातं.

वर मुक्काम केला आणि उजाडताच रानात गेलो. पाहुण्यांना सांगावं की आधी प्राणी शोधू नका, घरटी शोधा. उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांत काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे रिकामं घरटं पाहून निराश होऊ नये. उंबर फळलेला असेल तर त्याच्याखाली गप्प बसावं. आम्ही बसलो. आधी खडखडाटासारखी तार ओरड ऐकू आली, मग तांबूस शेपटी, आणि मग एका झाडावरून दुसऱ्यावर सरळ झेप. मित्र कॅमेरा काढायचंच विसरला. खाऊ मात्र दाखवू नका. हे अभयारण्य १९८५ सालापासून याच प्राण्यासाठी राखलं आहे, त्याला माणसाच्या हाताची चटक लावायला नव्हे.

परतीला घाट उतरलो नाही, पुण्याची एसटी धरली. पाहुणे सोबत असतील तर तुम्हीही तेच करा. थकल्या गुडघ्यांनी भर उन्हात उतरणं चढण्याइतकंच घातक असतं, आणि नागपूरची गाडी पुण्याहूनही मिळते.