मुख्याध्यापक बदलले, मुलं बदलतील?

प्रश्न : आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आलेत. 'आधी संस्कार, मग मार्क' असं ते पालकसभेत म्हणाले. एका माणसाच्या विचारांनी शेकडो मुलांचं वागणं खरंच बदलतं का?
– एक पालक

उत्तर : बदलतं, पण भाषणाने नव्हे. मुख्याध्यापकांचा प्रभाव मुलांपर्यंत बहुतांशी शिक्षकांमार्फत पोचतो. उशिरा आलेल्या मुलाला ते बाजूला घेऊन कारण विचारतात की चारचौघांत त्याचा पाणउतारा करतात, हे शिक्षक पाहतात आणि वर्गात तेच गिरवतात. मधल्या सुट्टीत मुलंही एकमेकांशी तशीच वागतात.

मूल्यं रुजतात ती रोजच्या रीतीतून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, कामंही मिळून करत. समतेचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही.

म्हणून तुम्ही एवढंच पाहा : एकाच चुकीला संस्थाचालकाच्या नातवाला आणि शिपायाच्या मुलाला सारखाच न्याय मिळतो का? शिपाईमामांशी सर कसे बोलतात? छडी खरोखर बंद आहे का? शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे.

फळ दिसायला वर्ष-दोन वर्षं द्या. मात्र शाळेत 'खरं बोल' आणि घरी 'बाबा नाहीत म्हणून सांग' असं चालत असेल, तर एकटे मुख्याध्यापक पुरे पडणार नाहीत.