पट्ट्यापट्ट्यांचे जाकीट

मार्गशीर्ष महिना लागला, की आमच्या भागात पहाटे हुडहुडी भरते. शेकोट्या पेटतात. घोंगड्या बाहेर निघतात. मोठी माणसे कशीतरी निभावून नेतात. पोरांचे मात्र हाल होतात.

मागच्या साली अशाच एका संध्याकाळी आमच्या आळीतली एक बाई आमच्या घरी आली. ही बाई दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते. रात्री आमच्या साक्षरता वर्गालाही येते. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे मऊ कापड होते.

ती म्हणाली, "गुरुजी, पोरगं आश्रमशाळेत राहतंय. तिथं लई गारठा. बाजारातनं हे कापड आणलंय. दोन दिसांची मजुरी गेली त्यात. काकूंकडं मशीन हाय. एवढं जाकीट शिवून द्या."

आमच्या मंडळींना त्या दिवशी ताप होता. त्या निजून होत्या. आम्ही म्हणालो, "त्यात काय मोठे? आम्ही बेतून देतो." पस्तीस वर्षे आम्ही पोरांना गणित शिकवले. चार मापे आम्हांला जड नाहीत, असे आम्हांला वाटले.

ते कापड आम्ही बिघडवले. कसे बिघडवले, ते सांगतो. म्हणजे तुमचे बिघडणार नाही.

कापड दोन तऱ्हेचे असते. एक मागावरचे. इचलकरंजीला, मालेगावला, भिवंडीला यंत्रमागावर निघते ते. यात काही धागे उभे असतात, काही आडवे. आडवा धागा उभ्या धाग्यांच्या एकदा वरून, एकदा खालून जातो. धोतर, लुगडे, सदऱ्याचे कापड, हे सारे मागावरचे. ते हातांत धरून ओढा. फारसे ताणत नाही.

दुसरे विणीचे कापड. याला बाजारात होजिअरी म्हणतात. गंजीफ्रॉक याच कापडाचा असतो. यात धाग्याचे फासे असतात. एका फाशात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. बायका सुयांवर स्वेटर विणतात, तसेच हे. फक्त यंत्रावर फार बारीक विणलेले. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ साली पायमोजे विणायचे यंत्र केले. तिथून या यंत्रांची सुरुवात झाली. आज आपल्याकडे तमिळनाडूतल्या तिरुप्पूर गावी अशा सुती कापडाचे मोठे कारखाने आहेत. लोकरीचे स्वेटर पंजाबातल्या लुधियान्याला होतात. हे कापड पुष्कळदा मीटरवर न विकता वजनावर विकतात. कधी ते नळीसारखे गोलही येते. मग एका बाजूने कापून उघडावे लागते.

फासा ओढला की लांबतो. सोडला की पुन्हा आखडतो. म्हणून हे कापड अंगाला सुखाचे. पण बेतणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला ते फसवते. आम्हांला त्याने फसवले.

आम्ही कापड धुतले नाही. तसेच पलंगावर पसरले. निम्मे खाली लोंबत होते. लोंबणाऱ्या कापडाच्या वजनाने वरचे ताणले गेले. त्या ताणलेल्या कापडावर आम्ही माप टाकले. कातर चालवली आणि कापड आखडले. माप गेले! शिवाय आम्ही दोन्ही पुढचे भाग दुहेरी कापडावर एकदम कापले. खालचा पदर जरा सरकला होता. तो दिसला नाही. उघडून पाहतो तो काय? उजव्या बाजूला जिथे निळा पट्टा, तिथे डाव्या बाजूला पांढरा.

पुढे मशीनवर बसलो. कापड सरकेना, म्हणून मागून ओढले. खालची कड शेवयांच्या पापडासारखी लाटालाटांची झाली. साधे एकरंगी कापड असते, तर थोडे खपले असते. पट्टे काही लपू देत नाहीत. शिवणाऱ्याची चूक ते सगळ्या गावाला सांगतात.

बाईने जाकीट पाहिले. ती काही बोलली नाही. तिने ते घडी करून पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "असू द्या गुरुजी. थंडी तर भागंल." हे ऐकून आम्हांला फार लागले. दुसऱ्या आठवड्याच्या बाजारात आम्ही आमच्या पैशाने तसेच कापड घेतले, सव्वा मीटर. तोवर मंडळींना बरे वाटले होते. या वेळी त्या बसल्या, ती बाई बसली, आणि आम्ही दिवा धरायला. आता जे सांगतो, ते त्या दोघींचे आहे.

आधी कापड धुवा. साध्या पाण्यात भिजवा, हलके पिळा, आणि सावलीत आडवे पसरून वाळवा. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते. ती बेतण्याआधी आटू द्यावी.

मग माप. दर्ज्याची टेप साठ इंचांची असते. तिच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. एक इंच म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर. आधी कोणती बाजू धरायची ते ठरवा. निम्मे माप इंचांत आणि निम्मे सेंटिमीटरमध्ये घेतले, तर राजाच्या दर्ज्यालाही जमणार नाही. बहुतेक टेपांवर इंचाचे आठ बारीक भाग केलेले असतात. चार भाग झाले की अर्धा इंच. दोन झाले की पाव.

पोर सुट्टीला आले होते. चौथीतले पोर. त्याला सदरा घालून उभे केले, कारण जाकीट सदऱ्यावरून घालायचे. मंडळी माप सांगत गेल्या. बाई आपल्या वहीत लिहीत गेली. छाती २६. पाठीवर खांदा १२. उंची १८. बाही १७. अक्षर वाकडे होते, पण आकडे बरोबर होते.

आता हिशोब. छाती २६. हात हलवायला आणि आत सदरा मावायला ४ इंच सैल. झाले ३०. जाकिटाच्या पाठीचे दोन अर्धे आणि पुढचे दोन भाग, असे चार. ३० ला चाराने भागले की साडेसात. त्यात बाजूच्या शिवणीची माया एक इंच. झाले साडेआठ. शिवणीत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला दर्जी माया म्हणतात. पोर वाढते. पुढच्या साली ही माया थोडी उसवून जाकीट सैल करता येते. पुढच्या भागांना मधोमध आणखी दीड इंच सोडा. तिथे काज-बटणे येतात. उंचीला खाली दुमडायला दीड इंच. बाहीलाही तितकेच.

कापडावर एकदम खडू ओढू नका. जुन्या वर्तमानपत्रावर आधी आकार काढा. मुंढ्याचा आणि गळ्याचा बाक जमत नसेल, तर पोराचा नीट बसणारा सदरा कागदावर ठेवा आणि त्याच्या कडेने रेघ काढा. सैलपणा आणि माया त्यात मिळवा.

इथे आम्ही पुन्हा तोंड घातले. म्हटले, रेघ आम्ही ओढतो. जन्मभर खडू-पेन्सिल हातात धरली आहे. आम्ही ओढली. बाईने टेप लावली, वहीत पाहिले, पुन्हा टेप पाहिली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, वहीत साडेआठ लिवलंय. तुमची रेघ साडेसातावर हाय."

आम्ही माया विसरलो होतो. मंडळी पदर तोंडाला लावून हसल्या. आम्ही पेन्सिल त्या बाईच्या हातात दिली. पुढच्या साऱ्या रेघा तिनेच ओढल्या.

आता पट्ट्यांचे काम. हेच खरे किचकट. कापड सपाट जमिनीवर चटईवर पसरा. कुठेही लोंबू देऊ नका. हाताने ताणू नका, नुसते थोपटून सरळ करा. कापडाच्या काठावर भरवसा ठेवू नका. गोल नळीच्या कापडात पट्टा किंचित तिरका चाललेला असतो. म्हणून काठ न पाहता पट्टा पाहा. पट्टा सरळ, तर जाकीट सरळ.

कापड एकेरीच ठेवा. पाठीच्या कागदावर मुंढा जिथे काखेत संपतो, तिथे खूण करा. ती खूण निळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर ठेवा. पुढच्या भागाची काखेची खूणही निळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर. बाहीची काखेची खूणही तशीच. एवढे एक साधले की बाजूच्या शिवणीत पट्ट्याला पट्टा आपोआप मिळतो. बाहीच्या वरच्या गोलाईत सगळे पट्टे मिळत नाहीत. ते कोणाचेच मिळत नाहीत. तिथे जीव आटवू नका.

उजवा पुढचा भाग कापून झाला, की तोच उचला. उलटा करा. कापडावर ठेवा. निळ्यावर निळा, पांढऱ्यावर पांढरा जुळवा. दर दुसऱ्या पट्ट्यावर टाचणी टोचा. आणि त्याच्या कडेने डावा भाग कापा. असे केले, की दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या निघतात. उलटा करायचे विसरलात, तर दोन उजवेच भाग होतील. तेही आम्ही पाहिले आहे. पण ते आमच्या हातून झालेले नाही.

कापलेली कड गुंडाळून येते. विणीच्या कापडाची ती खोडच आहे. त्यावर मंडळींचा उपाय असा. भाताची पातळ पेज गाळून घ्यावी. बोटाने कडेला लावावी. वाळू द्यावी. कड कागदासारखी ताठ राहते. शिवून झाल्यावर धुतले, की पेज निघून जाते. मागावरच्या कापडासारखे याचे धागे मात्र भराभर सुटत नाहीत. त्यामुळे कडेला दोरा घातला नाही, तरी चालते.

आता मशीन. साधी सुई टोकदार असते. ती फासा तोडते. मग तिथे भोक पडते, आणि भोकापासून फासे सुटत जातात. दुकानात होजिअरीची सुई मागा. तिचे टोक किंचित गोल असते. ती फासा न तोडता बाजूने जाते. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा कापडाबरोबर ताणत नाही. पोराने हात वर केला, की तो तटकन तुटतो.

मशीनला खाली दाते असतात. ते खालचे कापड पुढे नेतात. वरून लोखंडी पाय कापड दाबतो. पाय घट्ट असला, तर वरचे कापड मागे राहते आणि ताणते. म्हणजे पट्टे सरकलेच. मशीनच्या डोक्यावर, त्या पायाच्या दांड्यावर एक स्क्रू असतो. तो थोडा सैल करा. एका इंचात दहा टाके येतील अशी टीप ठेवा. नागमोडी टीप मारणारे मशीन असेल, तर बारीक नागमोडी टीप सर्वांत चांगली. पहिली टीप चिंधीवर मारा. चिंधी ओढून पाहा. दोरा तुटला नाही आणि कड लाटली नाही, म्हणजे जमले.

टीप मारण्याआधी प्रत्येक पट्ट्यावर टाचणी लावा आणि हाताने कच्चा धावदोरा घाला. याला अर्धा तास जातो. आम्ही पहिल्या वेळी हा अर्धा तास वाचवला होता.

आधी खांदे जोडा. खांद्याच्या शिवणीत सुती फीत धरा. फीत नसेल, तर जुन्या धोतराची काठाची पट्टी. ती ताणत नाही, म्हणून खांदा उतरत नाही. मग बाह्या सपाट असतानाच मुंढ्याला लावा. त्यानंतर बाहीच्या टोकापासून काखेतून थेट खालपर्यंत एकच शिवण. काखेत निळ्याला निळा मिळाला का, ते आधी पाहा. मशीन चालताना कापड ओढू नका. नुसता हात ठेवा. दाते आपले काम करतात.

पुढच्या दोन्ही कडांना आतून मागावरच्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी लावा. नाहीतर काज ओढून ओढून मोठे होतात आणि बटण निसटते. गळ्याला निव्वळ निळ्या कापडाची पट्टी लावली, तर तिथे पट्टे जुळवायचा प्रश्नच उरत नाही. खालची कड दुमडून हाताने सैल टाक्यांनी तुरपा. इस्त्री घासू नका. ठेवा, उचला, पुढे ठेवा.

दोन रात्रींत जाकीट झाले. बटणे बाईने आपल्या हाताने लावली. पोराने ते घातले आणि हात वर-खाली करून पाहिले. मग बटणाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकेक करून मोजले. सगळे जुळले. सुट्टी संपल्यावर ते जाकीट अंगात घालूनच तो एस्टीत बसला.

पहिले बिघडलेले जाकीट बाईने परत आणले. ते उसवून, लाटा आलेली कड कापून टाकून, मंडळींनी त्यातून तिच्या धाकट्या मुलीचे जाकीट बेतले. चार वर्षांच्या मुलीला ते पुरले. उरलेल्या तुकड्यांची कानटोपी झाली.

धुण्याचे तेवढे सांगायचे राहिले. असे जाकीट ओले असताना खांद्याला चिमटे लावून दोरीवर टांगू नका. पाण्याच्या वजनाने ते गुडघ्यापर्यंत लांबते. बाजेवर आडवे पसरा, पट्टे हाताने सरळ करा, आणि उलट्या बाजूने वाळवा. उन्हाने निळा रंग विटतो.