'शन'चे स्पेलिंग कसे ओळखावे?



मराठीत आपण बहुतेक शब्द ऐकू येतात तसे लिहितो. इंग्रजीत या सवयीने घात होतो. एज्युकेशन, परमिशन, इलेक्ट्रिशियन या तिन्ही शब्दांचा शेवट इंग्रज माणूस जवळजवळ सारखाच उच्चारतो, पण लिहितो तीन तऱ्हांनी.

आमच्या अभ्यासवर्गातील आय.टी.आय. झालेल्या एका मुलाने नोकरीच्या अर्जात 'इलेक्ट्रिशियन'चा शेवट टी-आय-ओ-एन असा केला होता. हाताने कामात पक्का, पण स्वतःच्या धंद्याचे नावच चुकलेले! अर्ज टपालात पडण्याआधी आमच्या नजरेस आला, म्हणून बरे. तेव्हापासून आम्ही मुलांना एकच सांगतो : शेवट ऐकू नका, मूळ शब्द शोधा.

'इलेक्ट्रिक'च्या शेवटी सी आहे. त्याला आय-ए-एन जोडले की काम करणारा माणूस तयार. म्युझिकपासून म्युझिशियन, मॅजिकपासून मॅजिशियन तसेच. आहारतज्ज्ञ, म्हणजे डाएटिशियन, तेवढा सहसा टी-आय-ए-एन असा लिहितात. सी घातला तरी चालतो.

माणूस नसून क्रिया असेल तर क्रियापद पाहावे. ॲक्ट, इलेक्ट, एज्युकेट यांत टी आहे, म्हणून टी-आय-ओ-एन. एक्सपांड, एक्स्टेंड, डिसाइड यांतला डी जाऊन एस येतो : एक्सपान्शन, एक्स्टेन्शन, डिसिजन. ॲडमिट, परमिट असे 'मिट'वाले शब्द दोन एस घेतात : ॲडमिशन, परमिशन. डिस्कसमध्ये दोन एस आधीपासूनच आहेत, पुढे नुसते आय-ओ-एन लावावे. अटेंड आणि इंटेंड मात्र हट्टी. डी असूनही अटेन्शन, इंटेन्शन टी-आय-ओ-एननेच लिहितात. हे दोन पाठच करावेत.

'सीड' हा शेवट त्यामानाने सोपा आहे. सक्सीड, प्रोसीड, एक्सीड हे तीनच शब्द सी-डबल ई-डी. सुपरसीड एकटा एस-ई-डी-ई, कारण त्याचे लॅटिन मूळ 'बसणे' या अर्थाचे आहे, म्हणजे दुसऱ्याच्या वर जाऊन बसणे. प्रिसीड, कन्सीड, रिसीड वगैरे बाकीचे सी-ई-डी-ई. त्यांचे मूळ 'जाणे' किंवा 'माघार घेणे' या अर्थाचे. एवढे जमले तरी प्रोसीजर लिहिताना थांबावे. प्रोसीडमध्ये सीनंतर दोन ई आहेत, प्रोसीजरमध्ये तिथे एकच.